रेवाचा उजवा गाल

“यांना विचारू नका. हात लावून बघा.”

डॉ. नरगुंदे बाई हे मला म्हणाल्या तेव्हा मी रेवाच्या टोपीची नाडी बांधत होते. मिरजेच्या हॉस्पिटलमधून आप्पांना घरी सोडायचं होतं. आप्पा पलंगाच्या कडेला सदरा चढवून, पायांत चपला घालून तयार बसले होते आणि आई पिशवीत डबे कोंबत होती.

“पहिले काही दिवस अंग कोमट राहील, बरगडीखाली दुखेल, ते चालायचं,” बाई सांगत होत्या. “आत गाठ जाळलीय आपण. शरीर ती हळूहळू जिरवतं. पण एकदा बरं वाटायला लागल्यावर परत ताप आला, थंडी वाजली, तर वाट बघू नका. त्या जागी पू धरू शकतो. त्यात यांना साखर आहे. थेट घेऊन या. आणि यांना विचारत बसू नका, हे ‘काय न्हाय’ म्हणतील. हात लावून बघा.”

मी हसले. “डॉक्टर, माझ्या घरात कुणाला ताप आला आणि मला कळलं नाही असं व्हायचंच नाही. या पोरीचं अंग मी झोपेतसुद्धा चाचपते.”

बाईंनी रेवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मी पोरीबद्दल बोलत नाहीये,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होते. रेवाचे बाबा नाशकात नोकरीवर. खरं तर मी एव्हाना परत जायला हवं होतं, पण आप्पांच्या यकृतात गाठ निघाली आणि मी राहिले. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झालेली. जंतू हा शब्द बाकीच्यांना नुसता शब्द वाटतो, मला त्यांचे चेहरे दिसतात. रेवाची वाटी-चमचा मी उकळायची. तिला घेणाऱ्या प्रत्येकाला हात धुवायला लावायची. तिची छाती खालीवर होताना बघत बसायची, आणि जरा दम वेगळा वाटला की तिला दुपट्यात गुंडाळून दवाखाना गाठायची. गावातले डॉक्टर मला लांबून बघूनच म्हणायचे, “आलात? बसा. काहीही झालेलं नाहीये.”

आई म्हणायची, “आमी तुला वाढवली ती काय काचेच्या कपाटात न्हाय.”

आप्पा काही म्हणायचे नाहीत. आप्पा मुळातच कमी बोलायचे. गावच्या तालमीचे ते वस्ताद. मान आणि खांदा एकच वाटावा असं शरीर, आणि कुस्तीत रगडून रगडून मोडलेले, फुलकोबीसारखे कान. पहिल्यांदा गाठ दिसली तेव्हा डॉक्टर बाईंनी विचारलं होतं, “तुमच्या रक्तात जुनी कावीळ ब आहे, त्यातूनच ही गाठ झाली असावी. कधी रक्त घेतलं होतं? कुणाची सुई वापरली होती?” आप्पा कानाला हात लावून म्हणाले, “तालमीत कान सुजला की पाणी काढायला लागतं. आमच्या टायमाला सुई एकच हुती. समद्यांचं तिच्यानंच काढायचो.”

पुढे बाईंनी उपचार समजावला. पोट उघडायचं नाही. बरगड्यांमधून एक लांब सुई यकृतातल्या गाठीपर्यंत न्यायची, तिचं टोक तापवायचं आणि गाठ जागच्या जागी जाळायची. रक्तस्राव होऊ शकतो, फुप्फुसाला टोक लागू शकतं, नंतर पू होऊ शकतो, हे सगळं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आईने पदर तोंडाला लावला. आप्पा म्हणाले, “सुईनं आलंय, सुईनंच जाऊ दे.”

आणि ते झालंही नीट. घरी आल्यावर थोडी कणकण आली आणि गेली. आप्पा भाकरी खाऊ लागले. सकाळी काठी घेऊन तालमीपर्यंत जाऊन येऊ लागले. मी रोज स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, “आप्पा, बरं वाटतंय ना?” ते सोप्यातल्या खुर्चीतून मान हलवायचे. “मला काय हुतंय!”

रेवाला न्हाऊमाखू घातलं की ती त्यांच्याकडे जायची. उजव्या खांद्यावर तिला टाकून ते थापटायचे आणि ती ढेकर देऊन तिथेच झोपायची. एवढा रुंद तो खांदा, आई म्हणायची, त्याच्यावर आख्खी बालवाडी झोपेल.

मग खांदा दुखायला लागला. उजवाच.

हे मला दस्तगीरकाकांमुळे कळलं. दस्तगीरकाका म्हणजे आप्पांचे जुने जोडीदार. एकाच तालमीत वाढलेले, एकमेकांविरुद्ध कितीतरी वेळा लढलेले. एके दिवशी ते मोहरीच्या तेलाची बाटली घेऊन सोप्यात येऊन बसले.

“आणा वस्ताद, खांदा हिकडं. लई दिसांनी बोललाय.”

“काय झालं खांद्याला?” मी विचारलं.

“तुला ठावं न्हाय? ह्यो खांदा माझा हाय,” ते आप्पांच्या मागे बसत म्हणाले. “जतच्या मैदानात मीच उखडला हुता. तवापास्नं त्येची देखभाल माझ्याकडं.”

“उखडला न्हाय. निसटला,” आप्पा म्हणाले.

“निसटला तर बोंबललास का?”

“बोंबललो न्हाय. पंचाला हाक मारली.”

“ऐकली गं बाय ती हाक, समद्या जत तालुक्यानं ऐकली!”

आप्पा हसले. मीही हसले. हवा बदलली की आप्पांचा तो खांदा दुखतो हे मी लहानपणापासून बघत आले होते. दुखला की दस्तगीरकाका यायचे, तेल आणि हळद लावून अंगठ्यांनी रगडायचे, वर तव्यावर गरम केलेल्या फडक्याचा शेक द्यायचे आणि शाल पांघरायला लावायचे. आमच्या घरात त्या दुखण्याचं नाव, गाव, वडील, सगळं माहीत होतं. त्याच्याकडे संशयाने बघायचं आमच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही.

त्यानंतर काका रोज यायला लागले. आप्पा पाठ करून बसायचे, काका मागून दाबायचे. “जोरात,” आप्पा म्हणायचे. “आजून जोरात. अंग हललं पायजे.” काकांचे दोन्ही हात चालायचे, आप्पांचं सगळं शरीर गदगदा हलायचं, आणि नंतर ते शाल लपेटून खुर्चीत बसायचे. शिमगा होऊन गेला होता, बाहेर ऊन रणरणत होतं, आणि ते शालीत.

“आवो, उकडत न्हाय व्हय?” आई विचारायची.

“शेक मुरू दे म्हनलाय दस्तग्या.”

रेवाला ते आता डाव्या खांद्यावर घ्यायला लागले होते. मी ते पाहिलं. उजवा दुखतोय, म्हणून डावा. बरोबरच होतं. जेवण कमी झालं होतं, तेही मी पाहिलं, आणि आईला म्हणालेसुद्धा. आई पाठमोरी भाकरी थापत होती. “उन्हाळ्यात कुनाला जेवान जातंय? तू तुझं खा. तुला पाजायचं हाय,” ती म्हणाली.

मग एका दुपारी रेवाला झोप लागली असेल म्हणून मी तिला आप्पांच्या खांद्यावरून उचलायला गेले. ते डोळे मिटून बसले होते. मी रेवाला घेतलं. पोरगी भाजत होती. गाल, मान, छाती, पोट, सगळं.

“आई!” मी ओरडले. “रेवाला ताप आलाय. खूप ताप आलाय!”

आई हात पुसत आली. “आत्ता तर खेळत हुती.”

मी आत पळाले. थर्मामीटर काढला, तिच्या काखेत धरला. रेवा जागी होऊन माझ्याकडे बघत होती, मग हसायला लागली. थर्मामीटर वाजला. ताप नव्हता.

“हा बिघडलाय.”

“तो दर खेपेला बिघडतोय, ताप न्हाय म्हनला की,” आई म्हणाली.

मी तो स्वतःला लावून बघितला. माझाही ठीक. पुन्हा रेवाला लावला. पुन्हा तेच. तिचे पाय मी हातात घेतले, ते नेहमीसारखे. पाठ नेहमीसारखी. मी तिला पलंगावर ठेवलं आणि नीट बघितलं. तिचा उजवा गाल लालबुंद होता, त्याच्यावर शालीच्या विणीचे वळ उठले होते. डावा गाल मात्र फिका होता आणि हात लावला तर गार. आणि मी बघत असतानाच उजवा गालही निवत चालला होता.

मी दोन्ही गालांना आळीपाळीने हात लावत राहिले. आई म्हणाली, “काय झालं? अशी काय बघतीस?”

“आई, ताप तिचा नाहीये.”

मी सोप्यात गेले. आप्पा तसेच बसले होते, डोळे मिटून, हात खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर घट्ट. दात एकमेकांवर दाबलेले. आता मागे दाबायला कुणी नव्हतं, तरी शालीची किनार थरथरत होती.

मला इथे एक सांगायला हवं. मी लहान असताना आख्खं गाव त्या उजव्या खांद्यावरून पाहिलं. मग मी शाळेत मोठ्या वर्गात गेले, आईने मला ओढणी दिली, आणि एक दिवस आप्पांनी मला उचलणं थांबवलं. पाठीवर हात ठेवणं थांबवलं. कुणी काही बोललं नाही, आमच्याकडे तसंच असतं. त्यानंतर आमचा स्पर्श म्हणजे सणावारी माझी बोटं त्यांच्या पायांना टेकायची तेवढाच. सासरी निघाले तेव्हा मी आईच्या गळ्यात पडले, आणि आप्पा गाडीच्या टपावर बॅगा बांधत राहिले. डॉक्टर बाईंनी हात लावून बघा म्हटलं होतं, तर मी रोज दारातून विचारत होते. दारातून आत येऊन त्यांच्या अंगाला हात लावायचा असतो हे माझ्या हाताला माहीतच नव्हतं.

मी खुर्चीजवळ गेले आणि रेवाच्या कपाळावर ठेवते तसा उलटा हात त्यांच्या कपाळावर ठेवला.

“आगं, आगं, काय करतीस?” आप्पा दचकून मागे सरले.

मी हात काढला नाही. तव्यावर टेकवल्यासारखा तो भाजत होता. मी तो त्यांच्या गालावर नेला, मानेवर नेला. आप्पा अवघडून माझ्या मागे आलेल्या आईकडे बघायला लागले. मग त्यांचे डोळे आपोआप मिटले.

“लई गार हाय गं तुझा हात,” ते म्हणाले.

आईने फक्त तेवढं ऐकलं आणि ती दस्तगीरकाकांना बोलवायला धावली.

शेजारच्यांची जीप दस्तगीरकाकांनीच आणली. आप्पांना उचलून आत ठेवलंही त्यांनीच. वाटेत आप्पांचं डोकं काकांच्या मांडीवर होतं, आणि थंडीने ते इतके हुडहुडत होते की सीट वाजत होती. काका दोन्ही हातांनी त्यांना दाबून धरत होते, नेहमीसारखेच. मी पुढे रेवाला छातीशी घेऊन बसले होते. आरशातून मला ते हात दिसत होते, आणि तेव्हा मला कळलं की सोप्यातल्या त्या गदगदा हलण्यातलं निम्मं हलणं काकांच्या हातांचं नव्हतंच.

हॉस्पिटलमध्ये डॉ. नरगुंदे बाईंनी आप्पांच्या बरगडीखाली सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. फार वेळ लागला नाही.

“पू धरलाय. जाळलेल्या गाठीच्या जागीच, अगदी वरच्या बाजूला, श्वासाच्या पडद्याला लागून. केव्हापासून ताप आहे?”

“मला आजच कळला,” मी म्हणाले.

“आणि आधी काही दुखत होतं?”

“खांदा,” दस्तगीरकाका म्हणाले. “पन त्यो जुना हाय. मीच उखडलेला. रोज रगडत हुतो मी.”

बाईंनी आप्पांचा उजवा हात धरून खांद्यातून गोल फिरवला. हात मोकळा फिरला. “खांद्यात काही नाहीये, काका. यकृताच्या वर जो पडदा असतो, त्याला त्रास झाला की दुखणं खांद्यात जाणवतं. दोघांची नस एकाच वाटेने मेंदूकडे जाते.”

“म्हंजे आत ह्याचं काळीज पिकतंय आन मी वर तेल चोळतोय?”

“तुमचं तेल वाईट नव्हतं, जागा चुकली,” बाई म्हणाल्या. “आता बाहेर थांबा. अजून उशीर झाला असता तर हा पू रक्तात पसरला असता. आत सुई घालून नळी बसवते, पू बाहेर काढावा लागेल.”

“परत सुईच?” आप्पा म्हणाले. ओठ कोरडे पडले होते, तरी त्यांना हसायचं होतं.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. रेवा माझ्या मांडीवर झोपली होती. दस्तगीरकाकांनी खिशात हात घातला, कागदात गुंडाळलेलं काही बाहेर काढलं आणि माझ्यापुढे धरलं. तापाच्या गोळ्यांची पाकिटं. बरीचशी रिकामी.

“मीच आनून देत हुतो,” ते म्हणाले. “दुपारी भरून यायचं त्येला. तू संध्याकाळी दारात इचारायला यायच्या आत एक गिळायचा. घामानं अंग निवायचं. मला वाटलं अंगदुखीचा ताप. खांद्यानं यितोय.”

“काका, मला का नाही सांगितलंत?”

ते आईकडे बघायला लागले. आई जमिनीकडे बघत होती.

“आई?”

“तापाचं मला ठावं न्हवतं. देवाशप्पथ न्हवतं,” आई म्हणाली. “पन पयल्यांदा दवाखान्यातनं आल्यावर मीच म्हनले हुते त्यांना. पोरगी ओली बाळंतीण हाय. एवढ्या तेवढ्यानं घोर लावून घेती. लेकराला शिंक आली तरी रात्र बसून काढती. तुमी तिच्यासमोर हूं का चूं करू नगा. धसका घेतला तर दूध आटंल, आन मग त्या लेकराला काय पाजायचं.”

“वस्तादनं मला शपथ घातली,” काका म्हणाले. “म्हनला, माझं काय, मी लई खाल्लंय. रेवाच्या तोंडचं जाऊ नये.”

मी ती रिकामी पाकिटं त्यांच्या हातातून घेतली. मला डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायची सवय, आणि आमच्या घरातलं सगळ्यात मोठं दुखणं त्या पहाऱ्याच्याच भीतीने शालीखाली लपलं होतं. रेवा जागी झाली, कुरकुरली. मी भिंतीकडे तोंड करून तिला पाजायला घेतलं. दूध होतं. नेहमीसारखंच होतं.

नळी बरेच दिवस होती. पिशवीत जमणारं ते पिवळं पाणी रोज थोडं कमी व्हायचं आणि शेवटी थांबलं. दस्तगीरकाका रोज यायचे, पण बाटली आणायचे नाहीत, नुसते पलंगाशी बसून टोमणे मारायचे.

“माझा खांदा बरा निघाला म्हन. फुकट बदनाम केलंस मला तीस वरसं.”

“तू उखडलाच न्हवता,” आप्पा म्हणायचे. “मी कवाचा सांगतोय, निसटला हुता.”

घरी सोडायच्या दिवशी डॉ. नरगुंदे बाईंनी सगळं पुन्हा समजावलं. या खेपेला मी टोपीची नाडी बांधत नव्हते. शेवटी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताप कसा लक्षात आला? यांनी सांगितलं?”

“नाही,” मी म्हणाले. “रेवाने सांगितलं.”

आप्पा त्यानंतर बरीच वर्षं होते. रेवाला त्यांनी शाळेत सोडलं, तालमीच्या मातीत लोळवलं, आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. ठरल्याप्रमाणे पोटाची तपासणी व्हायची, गाठ परत आली नाही. ते गेले ते म्हातारपणाने, झोपेत, आणि त्यालाही आता काळ लोटला.

पण त्या उन्हाळ्यानंतर आमच्यात एक गोष्ट बदलली, तिच्याबद्दलही कुणी काही बोललं नाही. मी माहेरी गेले की चपला काढून आधी सोप्यात जायची. आप्पा खुर्चीत असायचे. मी “बरं वाटतंय ना?” असं विचारायची नाही. ते पेपर खाली करायचे, मान जराशी पुढे करायचे, मोडक्या कानांसकट ते मोठं डोकं माझ्यासमोर आणायचे आणि म्हणायचे, “बघ. हाय का?”

मी उलटा हात कपाळावर ठेवायची.

“नाही आप्पा. गार आहे.”

“मग च्या टाक.”

हे तुम्ही कुठे बसून वाचताय मला माहीत नाही. पण तुमच्याही घरात असं एक माणूस असेल, जे सगळ्यांना बरं म्हणून सांगतं. नुकतंच दवाखान्यातून आलेलं, किंवा न आलेलंसुद्धा. पलीकडच्या खोलीत असेल, किंवा खुर्चीत डोळे मिटून, ऊन असताना शाल लपेटून बसलेलं. हे पान उपडं ठेवा आणि उठा. दारातून विचारू नका. जवळ जा आणि कपाळाला हात लावून बघा.